हायस्कूल तंत्रज्ञानाचं काढताय, तर खरेदीची यादी शेवटी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीजवळच्या गावात जिल्हा परिषदेची आठवीपर्यंतची शाळा आहे. येत्या जूनपासून नैसर्गिक वाढीने नववी आणि पुढच्या वर्षी दहावी सुरू होईल, दोन्हींत साठ-साठ मुलं. गावातले एक कारखानदार २५ लाख द्यायला तयार आहेत आणि समितीला हे तंत्रज्ञान व करिअरवर भर देणारं हायस्कूल करायचं आहे. पुरवठादाराच्या दरपत्रकात चार थ्रीडी प्रिंटर, दहा व्हीआर चष्मे, रोबोटिक्सचे बंद संच, इंटरॅक्टिव्ह पॅनेल आणि एक लेथ (धातू कातायचं यंत्र) आहे. यातलं काय ठेवू आणि काय काढू, असं समितीच्या अध्यक्षांनी विचारलंय.

यादीबद्दल खाली लिहितोच. पण यादी हा तुमचा खरा प्रश्न नाही. दहावी झाल्यावर ही एकशेवीस मुलं कुठल्या दारातून आत जाणार आणि त्या दारापाशी त्यांच्या हातात काय असायला हवं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर ठरलं की वेळापत्रक ठरतं, वेळापत्रकावरून शिक्षक किती लागतील ते कळतं, शिक्षकांवरून खोली आणि खोलीवरून खरेदी. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा होतो. आधी यंत्रं येतात, मग ती मांडायला जागा शोधतात, मग शिकवायला माणूस, आणि तोवर वॉरंटी संपलेली असते.

तर आधी दारं मोजू. पहिलं दार आयटीआयचं. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे. वेल्डर, कोपा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड) एक वर्षाचे. वेल्डर आणि वायरमनला तर आठवी पासही चालतं. दुसरं दार तीन वर्षांच्या डिप्लोमाचं, त्याला दहावीला किमान ३५ टक्के लागतात. तिसरं अकरावी-बारावीचं. तिथे विज्ञान शाखेत द्विलक्षी घेता येतं, म्हणजे दुसरी भाषा आणि आणखी एक विषय यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्ससारखा २०० गुणांचा एकच विषय. शिवाय बारावीपर्यंतचे व्यवसाय अभ्यासक्रम वेगळे. आणि ही दारं एकमेकांत उघडतात: दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगा डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, डिप्लोमावाला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. फिटर झाला म्हणजे मुलाचं शिक्षण संपलं, ही पालकांची समजूत जूनच्या पहिल्याच पालकसभेत काढून टाका.

या सगळ्या दारांवर गुणवत्ता यादी लागते ती दहावीच्या गुणांवर. म्हणजे तुमच्या शाळेतल्या मुलाने कितीही सुंदर रोबोट बनवला आणि गणितात गटांगळ्या खाल्ल्या, तर कळंब्याच्या आयटीआयला त्याला हवा तो ट्रेड मिळणार नाही. तंत्रज्ञानाच्या शाळेला गणित-विज्ञानाचा शिक्षक साध्या शाळेपेक्षा जास्त चांगला लागतो, कमी नाही. कार्यशाळेमुळे गणिताचे तास कापले जात असतील, तर ती शाळा मुलांचं नुकसानच करते.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगतो, कारण इथे एकच उत्तर सगळीकडे चालत नाही. तुमचं गाव शिरोलीजवळ आहे म्हणून मी मापन-फिटिंग आणि वीज-इलेक्ट्रॉनिक्स अशा दोन वाटा सुचवेन. हीच शाळा इचलकरंजीत असती तर मागांची देखभाल आणि शिवणकाम म्हटलं असतं. राधानगरी-भुदरगडकडे असती तर गूळ, दूध, फळप्रक्रिया. कॉम्प्युटर ही वेगळी वाट करू नका, तो सगळ्यांनाच हवा. मशिन शॉपमधल्या पोराला ड्रॉइंग स्क्रीनवर वाचावं लागतं आणि डेअरीतल्या मुलीला एक्सेलमध्ये नोंदी ठेवाव्या लागतात. आणि पहिल्या तीन वर्षांत दोनच वाटा. पाच वाटांचे फलक लावलेल्या शाळेत तीन खोल्यांना कुलूप असतं.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून व्यवसाय विषय मंजूर झाला तर प्रशिक्षक मिळतो, पण तो सहसा संस्थेमार्फत कंत्राटावर असतो आणि मध्येच बदलू शकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून शाळेचा एक विज्ञान शिक्षक त्याच्याबरोबर उभा करा. हत्यारांची जागा, बॅचची वही, कुठला जॉब (मुलांनी करायचा नग) कितव्या आठवड्यात, हे सगळं शाळेच्या माणसाला माहीत असलं पाहिजे. विषय मंजूर झाला नाही, तर तासिका तत्त्वावर निवृत्त आयटीआय निदेशक शोधा. आपल्याकडे असे लोक आहेत, आणि त्यांचा हात आणि डोळा दोन्ही तयार असतात. मात्र मंडळाच्या विषययोजनेत हा विषय नेमका कुठल्या विषयाच्या जागी बसतो, ते माध्यमिक शिक्षणाधिकारी कार्यालयातून लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर वर्ग सुरू केला तर दहावीचा अर्ज भरताना अडचण येते, आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.

वेळापत्रकाबद्दल मी जरा हट्टी आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत कार्यशाळा होत नाही. दहा मिनिटं हत्यारं काढायला आणि हजेरीला, दहा मिनिटं आवरायला. उरलेल्या पंधरा मिनिटांत मुलगा व्हाइसमध्ये (बाकावरच्या शिकंज्यात) पट्टी धरेपर्यंत घंटा होते. त्यामुळे चार तासिका सलग हव्यात. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने, डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या, आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामातून शिकवायची पद्धत बसवली, तिच्यामागे हेच गणित आहे. तुम्हाला पूर्ण दिवस जमत नसेल तर अर्धा दिवस घ्या, पण सलग.

बॅच वीसची, त्याहून मोठी नको. तुमच्या एकशेवीस मुलांच्या सहा बॅचेस होतात. प्रत्येकीला आठवड्याला चार तासिका म्हणजे निदेशकाच्या चोवीस तासिका. आठवड्याच्या अठ्ठेचाळीसपैकी उरलेल्या वेळात त्याने साहित्य कापून ठेवायचं, हत्यारं तपासायची, कारखान्यांना फोन करायचे. हा वेळ वरून पाहणाऱ्याला रिकामा वाटतो आणि कुणीतरी त्याला पाचवीच्या वर्गावर पाठवतं. तिथून कार्यशाळेची घसरण सुरू होते. एक बॅच कार्यशाळेत असताना त्याच वर्गाची दुसरी बॅच कॉम्प्युटरवर आणि तिसरी ड्रॉइंग किंवा गणिताच्या तासाला, असं फिरतं ठेवा. म्हणजे त्या चार तासिकांना एका वर्गामागे तीन शिक्षक एकाच वेळी लागतात. संच मान्यतेत, म्हणजे शाळेला मंजूर शिक्षकसंख्येत, ते बसतंय का, हे आत्ताच मुख्याध्यापकांबरोबर बसून पाहा.

आता यादी. व्हीआर चष्मे काढून टाका. दहा चष्मे वीस मुलांना पुरत नाहीत, बॅटरी आणि सॉफ्टवेअरचं लचांड मागे लागतं, आणि दीड किलोमीटरवर खरा मशिन शॉप असताना खोटा बघायचं कारण काय? इंटरॅक्टिव्ह पॅनेलऐवजी साधा प्रोजेक्टर पुरतो. चार थ्रीडी प्रिंटरऐवजी एक. तळहाताएवढी वस्तू छापायला सहज तीन-चार तास लागतात, म्हणजे चार प्रिंटर असले तरी एका तासात वीस मुलांचं काम होत नाही. छपाई रांगेनेच होणार. शिकणं आहे ते डिझाइनमध्ये, आणि त्यासाठीचं फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे. शिवाय आपल्या पावसाळ्यात फिलामेंट हवेतली ओल ओढतं. मग छपाईत जाळी धरते, तार ठिसूळ होऊन तुटते आणि नोझल तुंबतं. रीळ घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, जून ते सप्टेंबर तर नक्कीच.

लेथ पहिल्या वर्षी नको. एका लेथवर वीस मुलं म्हणजे एक चालवणार आणि एकोणीस बघणार. बघायचंच असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चांगले टर्नर आहेत. त्याऐवजी भक्कम लाकडी किंवा लोखंडी बाकांवर वीस व्हाइस बसवा, चार इंची, उंची मुलाच्या कोपराएवढी. उंची चुकली की मुलगा खांद्याने कानस मारतो, पृष्ठभाग गोल येतो आणि महिनाभरात तो कंटाळतो. सोबत कानशींचे संच, हॅक्सॉ, ट्राय स्क्वेअर, पंच. मापनाला ०.०२ मिमीचे दहा व्हर्नियर आणि ०.०१ मिमीचे पाच मायक्रोमीटर. एक बेंच ड्रिल, एक ग्राइंडर, दोन्ही गार्डसकट. जॉबसाठी ५० बाय ५० बाय ६ मिमीचे लोखंडी तुकडे पुरतात. एक तुकडा साधारण ११८ ग्रॅम भरतो, वर्षाला मुलामागे चार धरले तर एकशेवीस मुलांना सुमारे ५७ किलो पट्टी लागते. हा खर्च इतका किरकोळ आहे की त्यावरून काम कधी अडू नये. तरी अडतं ते यावरूनच, कारण यंत्राचं बिल निघतं पण हॅक्सॉच्या ब्लेडचं सादिलमधून (शाळेच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून) निघत नाही.

इलेक्ट्रॉनिक्सला रोबोटिक्सचे बंद संच घेऊ नका. त्यातला एक खास तुकडा हरवला की अख्खा संच कपाटात जातो. सुटे आर्डुइनो बोर्ड (प्रोग्रॅम करता येणारे छोटे सर्किट बोर्ड), ब्रेडबोर्ड, सेन्सर, एलईडी, रेझिस्टर घ्या. दोघांत एक या हिशेबाने दहा, वर दोन जास्तीचे. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे, स्टँडसह, आणि खिडकीत एक्झॉस्ट फॅन. मल्टीमीटर बारा, पण त्यांच्याबरोबर २०० मिलिअँपिअरचे फ्यूज किमान पन्नास. प्रत्येक बॅचमधला कुणीतरी पहिल्या महिन्यात मीटर करंटवर ठेवून थेट बॅटरीला लावतोच. फ्यूज उडाला की मीटर बिघडला म्हणून तो बाजूला ठेवला जातो. फ्यूज बदलणं हाच दुसरा धडा करा.

कॉम्प्युटर वीस, ८ जीबी रॅम आणि एसएसडीचे. नूतनीकरण केलेले, वॉरंटीसह, चालतील. नवे हवेतच असा आग्रह धरायचं कारण मला दिसत नाही.

कोल्हापुरातल्या शाळेकडे एक साहित्य आहे ते इतरांना विकत घेऊनही मिळणार नाही, आणि ते दरपत्रकात नाही: रिजेक्ट झालेलं कास्टिंग, म्हणजे साच्यात ओतून केलेले पण नापास झालेले धातूचे नग. कुठल्याही फौंड्रीकडे (ओतकाम कारखान्याकडे) ब्लोहोल म्हणजे हवेची पोकळी पडलेले, श्रिंकेज म्हणजे आकसून खळगा आलेले, कोल्ड शट म्हणजे धातूचे दोन प्रवाह नीट न जुळलेले, वाळू अडकलेले नग पडून असतात. स्मॅक, गोशिमा किंवा केईए या इथल्या उद्योजक संघटनांमार्फत एक पत्र द्या आणि प्रत्येक दोषाचे पाच-पाच नग मागा. यावर वर्षभर शिकवता येतं. मुलं व्हर्नियरने मापं घेतात, ड्रॉइंगशी ताडतात, दोष ओळखतात, तो का आला असेल ते लिहितात. वजन आणि पाण्यात बुडवून घनफळ काढलं की घनता निघते. करड्या बिडाची घनता साधारण ७.२, म्हणजे एक किलोचा नग जवळपास १३९ मिलिलिटर पाणी बाजूला सारतो. आता गंमत अशी, की मोजपात्रात पाच मिलिलिटर इकडेतिकडे झाले तर साडेतीन टक्क्यांची चूक येते, तेवढ्यात छोटा ब्लोहोल लपून जातो. मग तोच नग दोऱ्याने टांगून पाण्यात आणि हवेत वजन करायचं, अचूकता वाढते. आपलं मोजमाप किती विश्वासाचं आहे, हा प्रश्न नववीतल्या मुलाला पडला तर तो क्वालिटी विभागात जायच्या वाटेवर आहे.

याच्या पुढचा प्रकल्प म्हणजे पॅटर्न, म्हणजे साचा घ्यायचा नमुना. फ्रीकॅडमध्ये साधा ठोकळा काढायचा, बाजूंना दोन अंशांचा ड्राफ्ट (उतार) द्यायचा, प्रिंटरवर छापायचा, ओलसर बारीक वाळूत ठसा घ्यायचा आणि पॅटर्न अलगद उचलायचा. ड्राफ्ट दिला नसेल तर उचलताना साच्याच्या कडा ढासळतात. ते एकदा ढासळू द्या, मग सांगावं लागत नाही. ओतायला वितळलेला धातू शाळेत अजिबात नको, मेण वापरा. मेण थेट शेगडीवर कधीच नाही, गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं, आणि ओतणार निदेशक. गार झाल्यावर नग मोजला की तो पॅटर्नपेक्षा लहान भरतो. बिडासाठी पॅटर्नमेकर साधारण एक टक्का वाढ का देतो, २०० मिमीला २०२ का करतो, हे इथे हातात दिसतं. प्लास्टर ऑफ पॅरिस वापरायचा मोह होईल, पण ते घट्ट होताना किंचित फुगतं, धडाच उलटा होईल. शेकडेवारी, कोन, घनता, कॅड आणि गावातला धंदा, सगळं एकाच जॉबमध्ये. भावा, यापेक्षा भारी रोबोटिक्स कुठलं?

खोलीचं. तळमजल्यावर घ्या म्हणजे सामान हलवणं सोपं, पण २०१९ च्या महापुराचं पाणी तुमच्या गावात कुठवर आलं होतं ते आधी भिंतीवर खूण करून बघा. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की पुढचे दिवस शाळा ही शाळा राहत नाही, निवारा केंद्र होते. वीज पॅनेल आणि सॉकेट त्या खुणेच्या वर, महागडी हत्यारं वरच्या मजल्यावर नेता येतील अशा पेट्यांत. आणि कार्यशाळेला स्वतंत्र दार व कुलूप, म्हणजे खोल्या निवाऱ्याला दिल्या तरी ग्राइंडरपाशी लहान पोरं जाणार नाहीत. अर्थिंग नवं करून मोजून घ्या, प्रत्येक बाकाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच), दाराजवळ एक लाल इमर्जन्सी बटण. पावसाळ्यात व्हर्नियरला गंज चढतो, म्हणून बॅच संपली की तेलाच्या फडक्याने पुसणं हे आवरण्याच्या दहा मिनिटांतलं काम.

पायात बूट. कोल्हापुरी कितीही झोकात असली तरी कार्यशाळेत नाही. ओढणी, कडं, मोकळे केस ड्रिलजवळ नकोत. मुलींना ॲप्रन आणि केसांना जाळी शाळेनेच द्यावी, म्हणजे 'मुलींना शिवणकामच बरं' असं म्हणायला कुणाला निमित्त उरत नाही. आठवीत सगळ्यांना दोन्ही वाटा सहा-सहा आठवडे दाखवा, निवड नववीत करा आणि दिवाळीपर्यंत बदलायची मुभा ठेवा.

कारखान्यांशी करार करताना कायदा लक्षात घ्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कारखान्यात कामाला लावता येत नाही आणि अठरापर्यंत धोकादायक प्रक्रियांना मनाई आहे. फौंड्रीत नेलंत तर मुलं पिवळ्या रेषेच्या मागे, हेल्मेट-गॉगल घालून, बघायला. 'चार तास हात लावू द्या, शिकतील' असं प्रेमाने म्हणणारे मालक भेटतील. त्यांना वर्गावर पाहुणे म्हणून बोलवा. भेटीचा उपयोग होण्यासाठी प्रत्येक मुलाच्या हातात एकच प्रश्न द्या: या मशिनवर जॉब बसवायला किती वेळ लागतो आणि चालायला किती? जॉब बसवणारा सेटर आणि मशिन चालवणारा ऑपरेटर यांच्या कामातला आणि पगारातला फरक त्यातून आपोआप निघतो. एसटीचा पास घर ते शाळा असा असतो, त्यामुळे भेटीच्या गाडीचा खर्च वेगळा धरा.

शेवटी पैसे. अटल टिंकरिंग लॅबला २० लाख देताना निम्मे उभारणीला आणि निम्मे पाच वर्षांच्या चालू खर्चाला अशी विभागणी सरकारने केली आहे, आणि ती मला योग्य वाटते. तुमच्या २५ पैकी वायरिंग, बाक आणि खोलीला चार, हत्यारं व इलेक्ट्रॉनिक्सला पाच, कॉम्प्युटरला चार, आणि उरलेले बारा लाख पाच वर्षांच्या साहित्याला, दुरुस्तीला आणि तासिकेच्या मानधनाला. देणगीदारांना यंत्रावर नावाची पाटी हवी असते, ते साहजिक आहे. पाटी कार्यशाळेच्या दारावर लावा आणि रक्कम वर्षागणिक देण्याचं पत्र घ्या. जे येईल ते त्याच दिवशी डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) चढवा. मात्र ब्लेड, फ्यूज, पट्टी, मेण हे उपभोग्य साहित्य वेगळ्या वहीत ठेवा, नाहीतर तुटलेल्या ब्लेडचा हिशेब द्यावा लागेल या धास्तीने शिक्षक ती कपाटातून काढणारच नाहीत.

जूनला अजून वेळ असेल तर या आठवड्यात दोनच कामं करा. मुख्याध्यापकांना घेऊन सहा बॅचेसचं वेळापत्रक कागदावर मांडा, आणि कळंब्याच्या आयटीआयमध्ये जाऊन फिटर व इलेक्ट्रिशियनच्या निदेशकांना एकच विचारा: पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलांना काय येत नसतं? ते जे सांगतील ते लिहून घ्या आणि माझ्या वरच्या यादीशी ताडून बघा. फरक पडला तर त्यांचं ऐका.